नाल्यात सिप्रो का सापडत नाही? (सांडपाण्यातून अँटिबायोटिक काढताना)

पूर्णाकाठची | ४ मे, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसती वाचतेय, आज अडले म्हणून लिहायला बसले.

मी विदर्भातल्या खारपाण (खाऱ्या पाण्याच्या) पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. सोबत पीएच.डी. चाललीय. विषय असा की एका रुग्णालयाच्या सांडपाण्यातून कोणती अँटिबायोटिक किती बाहेर पडतात. पाणी मागच्या टाकीतून नाल्यात जातं आणि नाला पुढे पूर्णेला मिळतो. कॉलेजात यूव्हीचं जुनं एचपीएलसी (द्रवातली रसायनं वेगळी करून मोजणारं यंत्र) आहे, त्यावर एवढं बारीक दिसत नाही. म्हणून पाण्यातून औषध काढून अर्क मी इथे तयार करते आणि तो नागपूरला पैसे भरून एलसी-एमएस-एमएसवर (रेणूच्या वजनावरून औषध ओळखणाऱ्या यंत्रावर) चालवून घेते.

काय काय केलं ते लिहिते, म्हणजे चूक पकडता येईल. पाणी अंबर बाटलीत घेतलं, बर्फात ठेवलं, दुसऱ्या दिवशी काचतंतूच्या फिल्टरमधून गाळलं. २५० मिली मोजून घेतलं, लिटरला ५०० मिलिग्रॅम या हिशेबाने डायसोडियम ईडीटीए (धातूंना धरून ठेवणारं रसायन) टाकलं, हायड्रोक्लोरिक ॲसिडने पीएच ३ केला. २०० मिलिग्रॅमचं एचएलबी कार्ट्रिज (पाण्यातलं औषध धरून ठेवणाऱ्या भुकटीची नळी) आधी मिथेनॉलने, मग पाण्याने भिजवून घेतलं आणि नमुना मिनिटाला पाच मिलीच्या आसपास सोडला. (दुपार त्यातच गेली. मध्ये दोनदा लाइट गेली, ते वेगळंच.) ५ टक्के मिथेनॉलच्या पाण्याने धुतलं, अर्धा तास व्हॅक्यूमवर वाळवलं, मग ४ मिली मिथेनॉल दोनदा सोडून औषध उतरवलं. नायट्रोजनखाली ४० अंशांवर आटवलं, १ मिलीत परत घेतलं, ०.२२ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून व्हायलमध्ये, आणि व्हायल नागपूरला.

रिपोर्ट आला: सिप्रोफ्लोक्सासिन नाही. सल्फामेथॉक्साझोल नाही, ट्रायमेथोप्रिम नाही, अझिथ्रोमायसिन नाही. रुग्णालयाच्या औषधखिडकीवर सिप्रोच्या पट्ट्या वाटल्या जाताना मी डोळ्यांनी पाहिल्यात. डिस्टिल्ड पाण्यात स्टँडर्ड (मोजून घेतलेलं शुद्ध औषध) टाकून हीच पद्धत केली की ८५-९० टक्के परत येतं, म्हणजे हात बरा असावा. मग औषध गेलं कुठे? गाईड म्हणतात, नाही म्हणजे नाही, तसं लिहून मोकळी हो. मला पटत नाहीये.

---

बाप्पा_वऱ्हाडी | ४ मे, रात्री ११:०५

ताई, पूर्न वाचलं, अर्ध डोक्यावरून गेलं. येक इचारतो, हासू नका. मानसानं गोळी खाल्ली तं ते पोटात जिरन. नाल्यात कायले जाईन?

---

औषधवाली | ४ मे, रात्री ११:२०

भाऊ, हसण्यासारखं काही नाही, डॉक्टर मंडळीही कधी कधी असंच धरून चालतात. सिप्रोची गोळी घेतली तर निम्म्याच्या आसपास औषध जसंच्या तसं लघवीतून बाहेर येतं. अमॉक्सिसिलिनचं त्याहून जास्त. वर उरलेली सिरपं आणि मुदत संपलेल्या गोळ्या लोक संडासात ओततात, ते निराळं.

ताई, यादीत अमॉक्सिसिलिन का नाही? आमच्याकडे सगळ्यात जास्त तेच जातं.

---

पूर्णाकाठची | ४ मे, रात्री ११:३५

मुद्दाम सोडलं. त्यातली बीटा-लॅक्टमची चौकोनी कडी फार नाजूक. पाण्यात सुटते, जंतूंची एन्झाइमं तोडतात, आणि मी उतरवायला वापरते त्या मिथेनॉलमध्येही ती उघडते. सगळ्यात जास्त खपणारं औषध सांडपाण्यात सगळ्यात कमी दिसतं ते त्यामुळे. ते करायचं तर त्याची तुटलेली रूपं शोधावी लागतील, तेवढा जीव माझ्यात सध्या नाही.

---

पुणेरी_पिपेट | ५ मे, सकाळी ७:१५

डिस्टिल्ड पाण्यातल्या ९० टक्क्यांवर फार विसंबू नका. तालमीत एकट्याने दंडबैठका काढल्या म्हणून कुस्ती मारल्याचा दाखला मिळत नाही. स्टँडर्ड त्या नाल्याच्याच पाण्यात टाकून बघायला हवं होतं.

पुढच्या वेळी एकाच पाण्याचे तीन भाग करा. एक तसाच. दुसऱ्यात कार्ट्रिजवर चढवण्याआधी मोजून स्टँडर्ड टाका. तिसऱ्यात सगळं उरकल्यावर, शेवटच्या १ मिलीत तेवढंच टाका. दुसरा आणि तिसरा दोन्ही कमी आले तर दोष यंत्रात. तिसरा पुरता आला आणि दुसरा पडला तर औषध तुमच्या हातून सांडतंय. हे केल्याशिवाय रिपोर्टातल्या 'नाही'ला काही अर्थ नाही.

---

बाप्पा_वऱ्हाडी | ५ मे, सकाळी ८:०२

मी ग्रामपंचायतीत पानी सोडतो, म्हून इचारतो. त्या टाकीत टीसीएल, म्हंजे ब्लीचिंग पावडर, टाकते का कोनी? आमच्या टाकीत टीसीएल जास्त झाली तं बाया म्हनते पान्याले वास येते, डाळ शिजत नाई. येवढ्याश्या गोळीचं काय राहीन मंग?

---

नमुनेदार | ५ मे, सकाळी ९:४०

बाप्पा, तुम्ही आमच्यापेक्षा आधी पोचलात. मीही तेच विचारायला आलो होतो.

ताई, दोन गोष्टी सांगा. बाटलीत क्लोरीन मारायला काही टाकलं होतं का? आणि नागपूरच्या रिपोर्टात अँटिबायोटिक सोडून दुसरं काही दिसतंय का? बऱ्याच लॅब त्याच रनमध्ये कॅफीन आणि कार्बामाझेपिन (फिटचं औषध) मोजतात.

---

पूर्णाकाठची | ५ मे, दुपारी १:१५

काहीच टाकलं नव्हतं. आणि हो, शेवटच्या पानावर दोन्ही आहेत, मी ते पान उलटून पाहिलंच नव्हतं. कॅफीन भरपूर. कार्बामाझेपिनही स्वच्छ दिसतंय.

---

नमुनेदार | ५ मे, दुपारी २:३०

मग पुष्कळ उलगडा झाला.

कॅफीन आणि कार्बामाझेपिन मिळाले, म्हणजे कार्ट्रिजने काम केलं, आटवताना अर्क उडाला नाही, आणि पाणी सांडपाणीच होतं. आता बेपत्ता झालेल्यांकडे बघा. सिप्रो गाळाला चिकटतं आणि धातूंशी बांधलं जातं, म्हणून एकटं सिप्रो गेलं असतं तर मी फिल्टरवर संशय घेतला असता. पण सल्फामेथॉक्साझोल गाळाला फारसं चिकटत नाही आणि धातूंच्या नादी लागत नाही, तरी तेही गेलं. या चौघांत सामाईक गोष्ट एकच: मोकळं क्लोरीन या चौघांनाही खातं. सिप्रोची पायपरझीन कडी, सल्फाचं ॲनिलिनचं टोक, अझिथ्रोचा अमाइन गट, सगळ्या क्लोरीनच्या आवडीच्या जागा. कॅफीन आणि कार्बामाझेपिनला ते फार सावकाश हात लावतं.

आणि ही मारामारी टाकीत संपत नाही. बाटलीत क्लोरीन उरलं असेल तर बर्फातही ती चालू राहते. तुम्ही गाळलंत दुसऱ्या दिवशी.

बाप्पांकडे ओटी टेस्टची (पाण्यातलं क्लोरीन रंगाने दाखवणारी) बाटली असेलच. तिचे दोन थेंब त्या पाण्यात टाकून बघा.

---

पूर्णाकाठची | ८ मे, रात्री ९:५०

काय सांगू तुम्हाला.

आमच्या ग्रामपंचायतीतून ओटीची बाटली आणली आणि टाकीवर गेले. शेवटच्या चेंबरचं पाणी परीक्षानळीत घेतलं. ओटी टाकल्यावर आम्ही फिकट पिवळा बघायला शिकलो ना? इथे संत्र्याच्या सालीसारखा रंग झाला.

टाकीवर जे काका असतात त्यांना विचारलं. ते अगदी सरळपणे म्हणाले, "मॅडम, रोज नाही टाकत एवढी. तुम्ही नमुना घ्यायला येणार म्हणून हापिसातून निरोप आला होता, पाणी साफ दिसलं पाहिजे. मी तुरटी पण टाकली, टीसीएल पण टाकली." मी परवानगीचा अर्ज आठवडाभर आधी दिला होता. तारीख आणि वेळ घालून.

म्हणजे मी तीन महिने माझ्याच अर्जाचा परिणाम मोजत होते.

---

बाप्पा_वऱ्हाडी | ८ मे, रात्री १०:०१

😂 राजेहो! पाव्हना येनार म्हनून आंगन सारवलं अन् पाव्हन्यालेच शेन लागलं.

---

औषधवाली | ८ मे, रात्री १०:३०

काकांना बोल लावू नका. रुग्णालयाच्या सांडपाण्याला जे निकष आहेत (२०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम) त्यात पीएच, तरंगता गाळ, तेल, बीओडी, सीओडी (पाण्यातल्या घाणीची मापं) आहे, आणि त्या पाण्यात ९६ तास ठेवलेल्या माशांपैकी ९० टक्के जगले पाहिजेत असं आहे. अँटिबायोटिकचं नाव नाही. जे तपासलं जातं तेच लोक साफ करणार.

---

नमुनेदार | ८ मे, रात्री ११:१०

कारखान्यांसाठीसुद्धा नाही हो. जानेवारी २०२० मध्ये औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात अँटिबायोटिकच्या मर्यादा घालणारा मसुदा केंद्राने काढला होता, २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत त्या मर्यादा गळल्या. आणि हे हैदराबादजवळच्या पाटणचेरूचे आकडे जगजाहीर असताना! २००७ मध्ये लार्सन आणि सहकाऱ्यांनी तिथल्या सामाईक प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रो लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत मोजलं. तसं पाणी तुमच्या जुन्या यूव्हीवरही डोंगर दाखवेल, कार्ट्रिजची गरज नाही.

आपलं दुखणं उलटं आहे. बेंग्टसन-पाल्मे आणि लार्सन यांनी २०१६ मध्ये अंदाज बांधला की सिप्रो लिटरला ६४ नॅनोग्रॅमच्या वर गेलं की प्रतिकारक जंतूंना फायदा मिळू शकतो. तुमच्या २५० मिलीत ते होतं अवघं १६ नॅनोग्रॅम. एवढंसं औषध एका मिलीत गोळा करायचं, आणि सोबत साबण, पित्त, लघवीचे क्षार, ह्युमिक ॲसिड हे सगळं मागे ठेवायचं. मशीनचे फोटो सगळे टाकतात, खरी मेहनत या गोळा करण्यात असते.

असो. आता पुढचा नमुना:

रिकाम्या बाटलीतच आधी ॲस्कॉर्बिक ॲसिड टाकून न्या, लिटरला ५० मिलिग्रॅम पुरे. पाणी पडल्या क्षणी क्लोरीन संपलं पाहिजे. अमेरिकी ईपीएच्या (पर्यावरण संस्थेच्या) १६९४ क्रमांकाच्या पद्धतीत सोडियम थायोसल्फेट आहे, तेही चालतं. पण तुम्ही नंतर ॲसिड टाकता आणि थायोसल्फेटमध्ये ॲसिड टाकलं की गंधक सुटून पाणी दुधाळ होतं. अभिक्रियेचा वेग मोजायचा तो प्रयोग आठवा.

नमुना टाकीत शिरण्याआधीच्या चेंबरचाही घ्या, फक्त बाहेरचा नको. हातमोजे दोन-दोन घाला, बंद चेंबरमध्ये डोकं घालू नका, झाकण उघडून दहा मिनिटं थांबा. आणि गाळलेला फिल्टर फेकू नका.

---

डेअरीतला_माणूस | ९ मे, सकाळी ६:२०

मधेच बोलतो, माफी. आमच्या संकलन केंद्रावर दुधातलं अँटिबायोटिक पट्टीवर काही मिनिटांत कळतं. गायीला थनदाहाचं इंजेक्शन दिलं आणि मुदत न पाळता दूध घातलं की पट्टी लगेच चुगली करते. एवढा खटाटोप करण्यापेक्षा नाल्याच्या पाण्यात पट्टी बुडवली तर?

---

पुणेरी_पिपेट | ९ मे, सकाळी ९:००

प्रश्न चांगला आहे. तुमच्या पट्ट्या बहुतेक पेनिसिलिनच्या कुळासाठी आणि दुधासाठी बेतलेल्या असतात. दुधात पेनिसिलिनची मर्यादा किलोला ४ मायक्रोग्रॅम. ताई शोधतायत ते त्याच्या पन्नास-साठाव्या हिश्शाचं, तेही वेगळ्या कुळातलं, आणि पाण्यात टीसीएल, साबण, फिनाईल. पट्टी 'हो' म्हणाली तरी कशाला म्हणाली ते कळणार नाही. जंतू वाढू न देणाऱ्या जुन्या पद्धतीच्या चाचण्यांचंही तेच, त्यांना फिनाईलही अँटिबायोटिक वाटतं.

---

आंबिया_बहार | ९ मे, दुपारी १२:४५

वरूडकडून. आमच्या संत्र्यावर खैऱ्या रोगासाठी स्ट्रेप्टोसायक्लिन फवारत आलेत लोक, कपाशीच्या करप्यावरही. पावसात ते वाहून नाल्यात जात असेलच. ताईंच्या कार्ट्रिजमध्ये ते सापडेल का?

---

नमुनेदार | ९ मे, दुपारी ३:१०

अर्धवट सापडेल. त्या पुडीत ९ भाग स्ट्रेप्टोमायसिन आणि १ भाग टेट्रासायक्लिन असतं. टेट्रासायक्लिन एचएलबीवर धरलं जातं. स्ट्रेप्टोमायसिनला पाणी इतकं प्रिय की ते कार्ट्रिजवर न थांबता सरळ खाली ग्लासात उतरतं. त्याला धनभार पकडणारं निराळं कार्ट्रिज आणि निराळा कॉलम लागतो. म्हणजे फवारलेल्या दहातलं एकच दिसणार, आणि रिपोर्ट वाचणारा म्हणणार शेतातून काही येत नाही! 'सापडलं नाही' या वाक्यापुढे 'कशाने शोधलं' हे लिहिलेलं नसेल तर मी तो रिपोर्ट बाजूला ठेवतो.

---

पुणेरी_पिपेट | ९ मे, संध्याकाळी ५:३०

एक राहिलं. ताई, तुमच्या पाण्याचा कठीणपणा (कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार) किती? खारपाण पट्टा म्हणता म्हणून विचारतो. लिटरला ५०० मिलिग्रॅम ईडीटीए म्हणजे १.३४ मिलिमोल, म्हणजे फक्त १३४ मिलिग्रॅम कठीणपणाला पुरेल एवढं. हे माप मऊ पाण्याच्या देशात ठरलेलं आहे. तुमच्याकडे कॅल्शियम-मॅग्नेशियम ईडीटीए आधीच फस्त करत असणार आणि सिप्रो धातूंना बांधलेलंच राहत असणार.

---

पूर्णाकाठची | ९ मे, रात्री ८:१५

आजच टायट्रेशन केलं. कठीणपणा लिटरला ६२० मिलिग्रॅम आला. म्हणजे लिटरला २.३ ग्रॅम ईडीटीए हवं. उद्या तसंच करते.

---

पूर्णाकाठची | ११ मे, रात्री १०:२०

उद्या केलं आणि वाट लागली.

२.३ ग्रॅमच्या हिशेबाने ईडीटीए टाकलं, विरघळलं. ॲसिड थोडं जास्त पडलं, पीएच अडीचच्या खाली गेला. दहा मिनिटांनी पाहते तर बीकरच्या तळाशी पांढरी वाळू. तरी चढवलं. कार्ट्रिजच्या वरच्या चकतीवर मिठाच्या खड्यांसारखा थर बसला, थेंब पडायचा थांबला. व्हॅक्यूम वाढवला तर शेजारची तीनही कार्ट्रिजं सुसाट सुटली आणि ही तशीच ढिम्म. चार कार्ट्रिजं गेली. एकेकाचे काही शे रुपये, आणि ते माझ्या पगारातून.

धुऊन परत वापरता येतील का?

---

नमुनेदार | ११ मे, रात्री ११:००

परत वापरू नका. आधीच्या नमुन्याचं औषध पुढच्यात उतरतं, आणि काही शे रुपये वाचवून सगळ्या आकड्यांवर शंका ओढवून घेता.

ती वाळू ईडीटीएचीच. आम्लात ते मूळ ॲसिडच्या रूपात जातं, आणि ते रूप लिटरला अर्ध्या ग्रॅमच्या आसपासच विरघळतं. तुम्ही त्याच्या तिप्पट-चौपट टाकलंत.

आणि पुणेरी_पिपेट यांचा गुणाकार बरोबर, पण पीएच चुकीचा. ताई, कठीणपणाचं टायट्रेशन तुम्ही पोरांना अमोनिया बफर टाकून पीएच १० ला करायला लावता. का? कारण खाली उतरलं की ईडीटीएची कॅल्शियमवरची पकड सुटते. पीएच ३ ला ती जवळजवळ उरत नाही. पण त्याच पीएचला सिप्रोची कॅल्शियमशी असलेली गाठही सैल होते, तेव्हा कॅल्शियमची चिंता ॲसिडवर सोडा.

ईडीटीए लागतं ते लोखंड आणि ॲल्युमिनियमसाठी, ती आम्लातही औषधाला सोडत नाहीत. आणि तुमच्या टाकीत काकांनी तुरटी, म्हणजे ॲल्युमिनियमच, टाकलेली आहे! म्हणून ५०० मिलिग्रॅमच ठेवा, पीएच ३ च्या खाली जाऊ नका, पण टाकल्यावर तासभर थांबा. ॲल्युमिनियम आणि ईडीटीएची सोयरीक सावकाश जमते. त्याचंही टायट्रेशन आपण थेट करत नाही, गरम करून उलट्या पद्धतीने करतो, ते याच कारणाने.

धुताना नुसतं पाणी ५-६ मिली जास्त सोडा. ईडीटीए अर्कात राहिलं तर मशीनवाले तुमच्या नावाने खडे फोडतील.

---

पुणेरी_पिपेट | १२ मे, सकाळी ७:०५

मान्य. पीएच १० चा मुद्दा मला सुचायला हवा होता. (पुणेकराने जाहीर चूक मान्य केल्याची नोंद संपादकांनी ठेवावी.)

---

बाप्पा_वऱ्हाडी | १२ मे, सकाळी ७:३०

ठेवली.

---

पूर्णाकाठची | २३ मे, रात्री ९:३०

उशीर झाला, लग्नसराई. या वेळी वार फक्त काकांना माहीत होता. आतल्या चेंबरचं पाणी घेतलं, बाहेरचंही. बाटल्यांत आधीच ॲस्कॉर्बिक ॲसिड. त्याच दिवशी गाळलं. आतल्या पाण्याचा फिल्टर तपकिरी, लिबलिबीत, चार वेळा बदलावा लागला. ते सगळे फिल्टर पीएच ४ च्या सायट्रेट-फॉस्फेट बफरमध्ये ईडीटीए आणि थोडं मिथेनॉल घालून अल्ट्रासोनिकमध्ये हलवले, मग पाण्याने भरपूर पातळ करून वेगळ्या कार्ट्रिजवर चढवले.

आतल्या पाण्यात सिप्रो आहे! सल्फा आणि ट्रायमेथोप्रिम जोडीने आहेत. फिल्टरवरच्या गाळातही सिप्रो आहे, म्हणजे पहिल्या वेळी मी कचऱ्याच्या डब्यात काय टाकलं ते कळलं.

पण तीन भागांची परीक्षा विचित्र आली. आधी टाकलेलं स्टँडर्ड ३४ टक्के दिसतं. नंतर, शेवटच्या मिलीत टाकलेलं, तेही ४१ च टक्के. मी तर हबकले. हे वाईट की बरं?

---

पुणेरी_पिपेट | २३ मे, रात्री १०:१०

बरं! ३४ ला ४१ ने भागा. ८३ टक्के. तुमचं काढणं उत्तम आहे. औषध व्हायलमध्ये आहे, मशीनला ते दिसत नाहीये. अर्कातला बाकीचा मसाला आयन तयार होण्याच्या जागी गर्दी करतो आणि सिप्रोला भार मिळू देत नाही. गावजेवणात पहिल्या पंगतीला जागा न मिळालेला पाहुणा उपाशी नसतो असं कोण म्हणेल, पण तो आलेला असतो हे नक्की.

२५० च्या जागी ५० मिली चढवा. गर्दी पाचपट कमी होईल. रुग्णालयाच्या आतल्या पाण्यात औषध एवढं आहे की ५० मिलीत पुरेल. २५० नदीसाठी ठेवा.

---

नमुनेदार | २३ मे, रात्री १०:४५

आणि ड्यूटेरियमवालं (जड हायड्रोजन घातलेलं) सिप्रो गाळण्याआधीच प्रत्येक बाटलीत टाका. ते सिप्रोसारखंच चिकटतं, सांडतं, गर्दीत दबतं, फक्त वजनाने वेगळं ओळखू येतं. सिप्रोचं ३३२ असेल तर त्याचं ३४०. दोघांचं गुणोत्तर घेतलं की नुकसान आपोआप वजा होतं. महाग असतं, पण एका नमुन्याला नॅनोग्रॅममध्ये लागतं. नागपूरच्या लॅबला विचारा, कुणाच्या तरी फ्रीजरमध्ये उघडलेली कुपी असते.

एक कोरी बाटलीही न्या. डिस्टिल्ड पाणी भरून, टाकीवर उघडून, बंद करून परत. आमच्या एका कोऱ्या बाटलीत कॅफीन निघालं होतं. शोध घेतला तर नमुना घेणारा पोरगा एका हातात चहाचा कप धरून दुसऱ्या हाताने झाकण लावत होता.

---

पूर्णाकाठची | २४ मे, सकाळी ६:४५

आता एकच अडचण. पुढचे नमुने नाल्याचे, गावापासून पूर्णेपर्यंत पाच ठिकाणचे. पारा ४५ च्या वर आहे. कॉलेजात उन्हाळ्याची सुट्टी, लॅब बंद. बाटल्या घेऊन एसटीने नागपूरला जायचं तर अमरावतीलाच बर्फाचं पाणी होतं.

---

नमुनेदार | २४ मे, सकाळी ८:२०

बाटल्या नेऊच नका, कार्ट्रिज न्या. घरीच गाळा, ॲसिड-ईडीटीए करा, आणि ६० मिलीच्या मोठ्या सिरिंजने हाताने सोडा, थेंब मोजता येतील इतक्या सावकाश. लाइट गेली तरी अडत नाही. मग पाण्याने धुवा, सिरिंजने हवा मारून कोरडं करा, फॉइलमध्ये गुंडाळून फ्रीजरमध्ये. फॉइल विसरू नका, सिप्रो उन्हात तुटतं. पाच लिटर पाण्याऐवजी खिशात मावतील एवढ्या पाच नळ्या. उतरवण्याचं काम नागपूरला करा.

---

बाप्पा_वऱ्हाडी | २४ मे, सकाळी ८:५५

ताई, मी हाव ना. माह्यं गाव तुमच्या नाल्याच्या खालतंच हाय, तिसऱ्या अन् चौथ्या ठिकानी मी बाटली भरून ठेवतो. बर्फ बी आनतो. बाजारात मासेवाल्याकडे पाटीच्या पाटी रायते.

---

पूर्णाकाठची | २४ मे, सकाळी ९:१०

बाप्पाभाऊ, बाटल्या तुम्हीच भरा, ॲस्कॉर्बिक मी आत टाकून देते. पण बर्फ मासेवाल्याचा नको. तळ्यातल्या माशांना खाद्यातून काय काय घालतात ते मोजायचं तर पुन्हा एक पीएच.डी. लागेल. रसवंतीवाल्याकडून आणा, आणि पिशवीत गाठ मारून.

---

बाप्पा_वऱ्हाडी | २४ मे, सकाळी ९:१२

बरं. दोन गाठी मारतो.